चिकटवलेलं पान

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. "सुलभाताई, तुमचा सगळा जन्म लहान मुलांच्या पुस्तकांत गेला. त्या चित्रांच्या पुस्तकांतून मोठ्या माणसांनी काय शिकावं, यावर लिहा ना. हलकंफुलकं असू द्या. बोध असावा, पण जाणवू नये." मी "लिहिते" म्हणून मोकळी झाले. मग गवारीच्या शेंगा तशाच पडून राहिल्या. बोध हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, आणि हलकंफुलकं लिहायला बसलं की मला नेमके दाल बाजारातले सुर्वे आठवतात. त्यांचं मी पुढे सांगते. आधी काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका मराठी वाचनालयात मी बालविभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मोठ्यांच्या दालनामागची एक खोली. दोन उंच खिडक्या, एक सतरंजी, मुलांचा हात पोचेल इतक्या ठेंगण्या मांडण्या आणि मी. पगार सांगण्यासारखा नव्हता. ओळख करून देताना लोक म्हणायचे, "या वाचनालयात असतात, पण लहान मुलांच्या." त्या 'पण'ची मला सवय झाली होती.

ग्वाल्हेरात मराठी चित्रपुस्तकांची कायमची मारामार. पुण्याला कुणी लग्नाकार्याला गेलं की आम्ही त्यांच्या गळ्यात पडायचो, येताना चार पुस्तकं आणा म्हणून. आणलेल्या पुस्तकांच्या मुलं वाचून वाचून चिंध्या करत. हिंदी पुस्तकं मात्र मुबलक मिळायची. म्हणून आम्ही एक उद्योग काढला होता. हिंदी पुस्तक घ्यायचं, मजकुराच्या मापाची पांढऱ्या कागदाची पट्टी कापायची, तिच्यावर ठसठशीत अक्षरात मराठी लिहायचं आणि ती हिंदी ओळींवर चिकटवायची. चित्र तेच, भाषा आपली. दुपारची सगळी शांत वेळ माझी यातच जायची.

पट्ट्या चिकटवायला मी खळ करायची. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर गुठळी होऊ न देता शिजवायचा, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं. बाजारातला तयार गोंद मी कधी वापरला नाही. तो एकदा बसला की कागद फाटेल, पण सुटणार नाही. खळ तशी नाही. वाफ दाखवली की कितीही वर्षांनी ती धरलेलं सोडते. ज्या बाइंडरकाकांनी मला हे शिकवलं ते म्हणायचे, "पोरी, उद्या सोडवता येणार नाही ते आज चिकटवू नये." मला तेव्हा ते फक्त पुस्तकांबद्दल बोलतायत असं वाटायचं.

आता इतका खटाटोप करून मराठी किती टिकली म्हणाल, तर पट्टीवरचं 'अस्वल' नीट वाचून मुलं म्हणायची, "मावशी, हा भालू किती मोटा आहे ना!" आणि त्यांच्या आज्या मला ऐकवायच्या, "आमच्याकडे सगळे शुद्धच बोलतात बरं का. आज घाईत नुसती भाजी छौंकली आणि निघाले." मी हसू दाबून "हो हो, दिसतंय" म्हणायची.

सतरंजीवर माझा नियम एकच होता. पान मूल उलटेल. वाचून कुणी का दाखवेना, आई, आजोबा, मी, पण पान उलटायचा हक्क मांडीवर बसलेल्याचा. याचं कारण साधं आहे. मोठं माणूस अक्षरं संपली की पान उलटतं. मूल चित्र संपलं की उलटतं, आणि चित्र इतक्या लवकर संपत नाही. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र एकच गोष्ट कधी सांगत नाहीत. शब्द म्हणतात, 'ती शाळेत गेली.' चित्रात दिसतं की तिने एकच मोजा घातलाय आणि दुसरा मांजराने पळवलाय. ज्याला वाचता येत नाही त्याला मोजा दिसतो. ज्याला वाचता येतं तो पुढच्या पानावर गेलेला असतो.

निवृत्त प्राध्यापक असलेले एक नाना होते. त्यांचे पूर्वज दरबारात पुराण सांगायचे, त्यामुळे गोष्ट संपल्यावर बोध काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नातवाला घेऊन यायचे, खणखणीत आवाजात वाचायचे आणि पुस्तक मिटलं की विचारायचे, "हं, तात्पर्य काय?" एकदा हत्तीचं पुस्तक वाचून झालं. हत्ती सगळ्यांना मदत करतो वगैरे. नानांनी विचारलं, "तात्पर्य काय?" नातू म्हणाला, "तात्पर्य हे की हत्तीला पण शू लागते." नाना कडाडले, "चावटपणा बंद!" मी पुस्तक उघडून कोपरा दाखवला. खरंच, सगळी जनावरं आभार मानत असताना तो हत्ती पाय आवळून झाडामागे निघाला होता. नानांनी चष्मा लावला, कपाळाला आठ्या घालून बघितलं आणि म्हणाले, "हे चित्रकाराने काढायला नको होतं." बघा! चित्रात दिसतंय त्यात चूक चित्रकाराची. आम्ही सगळे पोट धरून हसलो, पण नाना काही हसले नाहीत.

आणखी एक होते, बँकेतले. जेवणाच्या सुट्टीत यायचे, त्या ठेंगण्या बाकावर गुडघे हनुवटीला लागतील असे बसायचे आणि एकेक पुस्तक सावकाश बघायचे. "मुलासाठी निवडतोय," असं म्हणायचे. त्यांना मूल नव्हतं, हे अख्ख्या लश्करला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही. बदली झाल्यावर निरोप घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "ताई, इथे कुणी रुसलं तर फार तर दोन पानं रुसतं. आमच्या घरी..." आणि पुढे बोललेच नाहीत. मीही "पुन्हा या" एवढंच म्हटलं. ते पुन्हा काही आले नाहीत.

तर, सुर्वे.

सुर्व्यांचे पूर्वज महादजींच्या फौजेतून इकडे आले म्हणे. हे स्वतः दाल बाजारात एका ठोक दुकानात माल उतरवून घेण्याच्या कामावर होते. खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात राहायचे. धिप्पाड माणूस, मिशा भरघोस, पण आवाज असा हळू की कान द्यावा लागे. दर शनिवारी मुलीला घेऊन यायचे. सई तिचं नाव, पहिलीत होती. बापाच्या मांडीवर ती इतकीशी दिसायची. तिचं आवडतं पुस्तक म्हणजे भुऱ्याचं. खरं नाव कुणालाच आठवत नाही, कारण मूळ मुखपृष्ठ कधीच फाटून मी नवं घातलं होतं. भुऱ्या हा कुत्रा. एका मुलीबरोबर तो वाढतो, तिच्या चपला पळवतो, नदीत उड्या मारतो आणि म्हातारा होतो. मग एक पान येतं. दोन्ही बाजू मिळून एकच मोठं चित्र, आणि खाली एका ओळीची पट्टी, माझ्याच हातची: 'त्या सकाळी भुऱ्या उठला नाही.' पुढच्या पानावर ती मुलगी भुऱ्याच्या वाडग्यातलं पाणी लिंबाच्या रोपाला घालताना दिसते. संपलं पुस्तक.

सईची आई, वंदनावहिनी, त्या हिवाळ्यात आजारी पडली. आधी दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल. सुर्वे दुकानातून हॉस्पिटल आणि हॉस्पिटलातून घर, असे फिरत होते. शनिवार मात्र त्यांनी चुकवला नाही. एका शनिवारी सई दुसऱ्या मुलींत खेळत होती तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, ती खळ तुम्ही कशी करता हो?" मला वाटलं, घरात काही फाटलं असेल. मी आपली अगदी हौसेने सांगितली. मैदा किती, पाणी किती, आच किती. "मोरचूद नसलं तरी चालेल, पण मग कसर लागते," हेसुद्धा सांगितलं. त्यांनी मान डोलावली. जाताना भुऱ्याचं पुस्तक घरी नेलं.

पुढच्या शनिवारी पुस्तक परत आलं. सुर्वे त्या दिवशी सईला सोडून लगेच हॉस्पिटलात गेले. सईने मांडणीत मी ठेवलेलं तेच पुस्तक पुन्हा काढलं आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. मी वाचू लागले, ती पानं उलटू लागली. भुऱ्या म्हातारा झाला. पान उलटलं, तर एकदम लिंबाचं रोप. मी थबकले. सई मात्र थबकली नाही. तिने ते पान दोन बोटांत धरून चाचपलं आणि शांतपणे म्हणाली, "हे मोटं झालंय."

जाड झालं होतं. समोरासमोरची दोन पानं एकमेकांना चिकटवली होती. काम अगदी नीट केलेलं, कुठे सुरकुती नाही. शेवटी माझीच शागिर्दी!

मी काही बोलायच्या आत ती उठली, पुस्तक घेऊन खिडकीशी गेली आणि ते जाड पान उन्हासमोर धरलं. मुलं हे करतातच. बंद पाकीट, मूठ, पान, सगळं उजेडाला लावून बघतात. थंडीतलं ऊन होतं. तिने बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, "मावशी, दिसून राहिलंय. तिने हात ठेवलाय त्याच्यावर."

मी म्हटलं, "आण इकडे, मी मोकळं करते ते. वाफ दिली की सुटेल."

ती घाईघाईने म्हणाली, "नको! खोलू नका. बाबांना माहीत पडेल."

"काय माहीत पडेल?"

"की मला माहीत आहे."

एवढीशी पोर ती. तिने पुस्तक मिटलं, मांडणीत ठेवलं आणि माझ्या पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबांना खूप डर लागतो. तुम्ही सांगू नका हं. शपथ." थोड्या वेळाने तिने विचारलं, "मावशी, हॉस्पिटलात मुलांना जाऊ देतात का? मला पण आईवर हात ठेवायचाय."

मी शपथ घेतली. मुलांची शपथ मोडायची नाही, हाही माझा एक नियम होता, फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता.

संध्याकाळी सुर्वे न्यायला आले तेव्हा मी त्यांना बाहेर ओसरीवर गाठलं. पानाचं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "भाऊ, सईला एकदा वहिनींकडे घेऊन जा. लहान मुलांना आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतं."

ते म्हणाले, "तिथे नळ्या आहेत, ताई. वंदना ओळखू येत नाही आता. पोरीच्या डोळ्यांपुढे जन्मभर तेच राहील."

"राहिलं तर राहिलं. काहीच नसण्यापेक्षा बरं."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ताई, तुमचं काम पुस्तकं द्यायचं आहे. ते तुम्ही चांगलं करता." मग लगेच ओशाळून, हात जोडून म्हणाले, "माफ करा. मी तिला सांगितलंय की आई इलाजाला भोपाळला गेली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बरी होऊन आली की मूठ उघडायची गरजच नाही."

बापाच्या पुढे मी कोण? पण आतून जीभ शिवशिवत होती. 'अहो, तिने बघितलंय सगळं,' हे एवढे शब्द ओठांवर होते. शपथ आडवी आली. मी चूक केली की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. ते शब्द बोलले असते तर ते तिला घेऊन गेले असते का? कदाचित. कदाचित पोरीने विश्वास टाकलेलं एकमेव माणूसही तिच्या हातून गेलं असतं. या वयात असे हिशेब लागत नाहीत.

वंदनावहिनी होळीच्या आधी गेल्या. सई तेव्हा गावातच, मुरारला, आत्याकडे होती. तिला आणलं ते सगळं आटोपल्यावर.

त्यानंतरही ती वाचनालयात यायची. मोठ्या मुलांची पुस्तकं न्यायची, भुऱ्याकडे वळूनही पाहायची नाही. मी ते पुस्तक दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मांडणीच्या मागच्या रांगेत ठेवलं, चिकटलेलं होतं तसंच. पुढे सई कॉलेजला इंदूरला गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच लग्न झालं. सुर्वे कधी बाजारात भेटले की मी विचारायची, "सई काय म्हणते?" ते म्हणायचे, "मजेत आहे. रोज फोन असतो. जेवलात का विचारते, मी जेवलो सांगतो." आणि पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे.

मी निवृत्त झाले. बालविभागात मुलं येईनाशी झाली होती, ती मोबाइलवर रमली. यंदा समितीने ठरवलं की ती खोली स्पर्धापरीक्षांना बसणाऱ्यांना अभ्यासाला द्यायची. चुकीचं आहे असं नाही म्हणत मी. त्या पोरांनाही बसायला जागा हवीच. पण पुस्तकांचं काय करायचं? मला निरोप आला, "ताई, तुम्हीच येऊन बघा. चांगली असतील ती शाळांना देऊ, बाकीची रद्दीत." मी गेले. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. मी तीच पुन्हा पसरली, पुस्तकं काढून बसले आणि पट्ट्या चाचपत राहिले. माझ्याच हातची अक्षरं, काही पट्ट्या वाळून कोपऱ्यांनी उठलेल्या. कधी हसू यायचं, कधी डोळे पुसायचे. काय करता.

तिसऱ्या प्रहरी दारात सावली पडली. सुर्वे. मिशा पांढऱ्या झालेल्या, धिप्पाडपणा उतरलेला. "बालविभाग बंद होतोय असं कळलं," ते म्हणाले. "ताई, एक काम होतं. ते भुऱ्याचं पुस्तक आहे का हो? सईने मागितलंय. तिचा मुलगा आता तीन वर्षांचा झाला. काल फोनवर एकदम म्हणाली, बाबा, ते पुस्तक मिळतं का बघा."

मी हात घालून मागच्या रांगेतून काढून दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच चाळलं आणि त्या जाड पानावर बोट थांबलं. एक कोपरा कसरीने खाल्ला होता. मोरचूद घातलं नव्हतं ना.

"ताई, एक सांगायचं होतं," ते हळूच म्हणाले. "हे पान मी चिकटवलं होतं. तुमच्याच खळीने. ती लहान होती, वंदना तिकडे... वाचायची वेळ आली आणि माझ्याने होईना. तिला काही कळलं नाही, चित्र बघत बघत पुढे गेली. आता मोठी झाली आहे, बघेल तर लगेच ओळखेल. तुम्हाला हे मोकळं करता येईल का? डाग न ठेवता. मग पोस्टाने पाठवून देतो. तिला कळायला नको."

म्हणजे बघा! इतकी वर्षं गेली, आणि अजून तीच मूठ.

मी पाणी उकळायला ठेवलं. अभ्यासिकेच्या पोरांनी चहाची विजेची किटली आणून ठेवली होती, ती उपयोगाला आली. सुर्वे सतरंजीवर माझ्यासमोर बसले, मुलं बसायची तसे. मी पान वाफेवर धरलं, थोडं थांबले, मग कसरीने खाल्लेल्या कोपऱ्यातून बांबूची पातळ पट्टी आत सरकवली. घाई केली की चित्राची साल निघते. वाफ, पट्टी, पुन्हा वाफ. "आमच्यात वंदनाचा विषय निघत नाही," ते बोलत होते. "मी काढत नाही, तिला त्रास होतो. फोटोसुद्धा मी कपाटात ठेवलाय, ती आली की दिसायला नको." मी नुसतं "हं" म्हणत होते.

खळीने सोडलं. पान अलगद उघडलं. मी ते तसंच त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

चित्रात सकाळ आहे. अंगणात गोणपाटावर भुऱ्या पडलेला आहे, नेहमी झोपायचा तसाच. ती मुलगी त्याला टेकून बसली आहे, झोपेतून उठलेले केस तसेच विस्कटलेले, आणि तिचा एक हात त्याच्या पाठीवर आहे. ती रडत नाहीये. दाराच्या चौकटीत तिचे वडील उभे आहेत, थोडे लांब, तिला बसू देत. ती आणि भुऱ्या, दोघांवर कोवळं ऊन पडलंय. बाकी काही नाही. जिथे पिठाचे डाग पडलेत तेवढी जागा पिवळट झाली आहे.

सुर्वे बघत राहिले. एवढा वेळ ते चित्राकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "एवढंच होतं यात?"

"एवढंच."

"मी चित्र बघितलंच नाही हो, ताई. उठला नाही, एवढं वाचलं आणि लगेच खळ लावली. बघितलंच नाही."

आता मला राहवेना. शपथ लहान मुलीची होती, ती आता आई झाली होती, आणि पुस्तक तिने मागितलं होतं. मी सांगितलं. पुढच्याच शनिवारी तिने पान चाचपलं, खिडकीशी नेलं, उन्हात धरलं. हात ठेवलेला तिला दिसला. खोलू नका म्हणाली, बाबांना डर लागतो म्हणाली. आणि हॉस्पिटलात मुलांना जाऊ देतात का, तेही विचारलं होतं. कशासाठी, तेही मी सांगू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं.

त्यांनी मान खाली घातली. मिशांवरून पाणी ओघळत होतं, पुसायचंही भान नव्हतं. एकदाच पुटपुटले, "मुरारहून आणायला पाऊण तास सुद्धा लागला नसता." कुठलीच वाफ दाखवून ते आता सुटणार नव्हतं.

पान ओलं होतं. मी कापूस भिजवून पिवळे डाग हलकेच टिपायला घेतले. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "डाग राहू द्या, ताई. तिला दिसू दे."

मी कापूस खाली ठेवला. पान वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. मग त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं, काखेत धरलं आणि उठले. मी विचारलं, "पोस्टात देता ना? मी घट्ट बांधून देऊ का?"

"पोस्टाने नको," ते म्हणाले. "मीच नेतो इंदूरला. वंदनाचा फोटोही नेतो." दाराशी जाऊन ते वळले. "ताई, तुमचा तो नियम. पान मुलाने उलटायचं, नाही का?"

"हो."

"मग ते पान सईच उलटेल. ती थांबेल तितकं थांबू," ते म्हणाले, आणि चप्पल घालून पायऱ्या उतरले.